पोरगी रात्री चोरून फोन घेते? आधी दिवसा फोन कुणाकडे असतो ते बघा

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आया नीट बसायच्या आधीच एक प्रश्न विचारतात, "मॅडम, पोरगी रात्री लपून मोबाईल बघते, विचारलं की खोटं बोलते, बघून झालं की सगळं डिलीट करते, हाताबाहेर चालली का हो?" मुलांबद्दलही विचारतात, पण मुलाच्या वेळी काळजी डोळ्यांची नि अभ्यासाची असते आणि मुलीच्या वेळी गाडी थेट चारित्र्यावर जाते. मला मनापासून वाटतं की मुलीच्या स्वभावात काय बिघडलं हे शोधायच्या आधी घरात फोन किती, नंबर कुणाच्या नावावर, रिचार्ज कोण मारतं आणि नेट कधी शिल्लक असतं एवढं तरी विचारायला पाहिजे. एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि त्या मायलेकींना विचारूनच लिहितेय.

मुलीला आरती म्हणू. मराठवाड्यातलं खेडं, तालुक्याचं गाव जवळच. दहावीला ८४ टक्के, वडील पिकअप चालवतात, त्यांचं भाडं ठरवणं, लोकेशन, पैसे येणं सगळं फोनवर. मोठा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतो, त्याचा स्वतःचा फोन आहे. आईकडे साधा बटणाचा फोन. ही गोष्ट २०२५ च्या जुलैतली.

आई सांगत होती, रात्री साडेबाराला पाणी प्यायला उठले तर गोधडीत उजेड, पांघरूण ओढलं तर हिने झटकन स्क्रीन बंद केली, म्हणे टाईम बघत होते. असं बऱ्याचदा झालं. पोरगी जेवत नाही, मैत्रिणीकडे जात नाही, फोन वाजला की दचकते. "आमच्या ह्यांना कळलं तर ते म्हनले अकरावी-बिकरावी काय नको, मामाच्या वळखीत स्थळ हाय." आई फोनपेक्षा या वाक्यालाच जास्त घाबरली होती, आणि तिची भीती खरी होती. मुलगी १५ वर्षांची. लग्न १८ च्या आधी कायद्याने होत नाही हे तिलाही माहीत होतं, पण एकदा घरात विषय निघाला की मुलीची शाळा कशी सुटते हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही.

आरतीला मी एकटीला बसवलं. "कुणाशी बोलतेस" हा प्रश्न मी अशा वेळी पहिला विचारतच नाही, कारण तो घरी दहा जणांनी विचारून झालेला असतो आणि त्याला उत्तर एकच असतं, गप्प बसणं. मी एक कोरा कागद घेतला, दिवसाचे २४ तास आखले आणि म्हटलं, तुझं काही नको सांगूस, फक्त पप्पांचा फोन कुठल्या तासाला कुणाच्या हातात असतो तेवढं भर.

तिने भरलं. सकाळी सहा ते रात्री नऊ पप्पा, फोन गाडीत. नऊनंतर दादा, कारण त्याच्या फोनचा डेटा संध्याकाळीच संपलेला असतो, मग तो पप्पांच्या नेटवर टेस्ट सोडवतो, रील बघतो. अकराला फोन चार्जिंगला. तिच्या नावाचा एकही तास कागदावर नव्हता. मी विचारलं, अकराला तर सगळे झोपतात, मग तू साडेबारापर्यंत का थांबतेस? तर ती म्हणाली, "मॅडम, अकराला नेट नसतंच, दादाने संपवलेलं असतं, बारा वाजले की नवीन दीड जीबी पडतो."

ज्या वेळेवरून घरात एवढा संशय उभा राहिला होता ती वेळ रिचार्जच्या पॅकने ठरवली होती. रोजच्या डेटाचा पॅक रात्री बाराला नव्याने सुरू होतो, आणि घरात ज्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो त्याच्या वाट्याला तीच वेळ उरते.

मग मी विचारलं बारानंतर काय करतेस, तेव्हा ती रडायला लागली. म्हणाली, "पासवर्ड टाकून बघते."

ज्यांच्या घरात तेव्हा दहावीचं पोर नव्हतं त्यांच्यासाठी सांगते. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाला, आधी तो मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांपुरताच होता. बाकीकडे मार्कशीट घेऊन जवळच्या कॉलेजात जायचं, फॉर्म भरायचा, झालं. आता आधी नोंदणी, मग कॉलेजांची पसंती, एकपासून दहापर्यंत क्रमाने. २१ मेला नोंदणी सुरू झाली ती पोर्टलच्या अडचणीमुळे थांबली आणि २६ मेपासून परत चालू झाली, त्यामुळे गावोगावच्या नेट कॅफेंवर एकदम झुंबड. आणि नियम असा की पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यायचाच, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. ज्याने स्वतः शांतपणे बसून यादी लावली त्याला हा नियम जड नाही. ज्याची यादी दुसऱ्याने रांगेत पाच मिनिटांत लावली त्याचं मात्र अवघड होतं.

आरतीचं तेच झालं. ती मैत्रिणीबरोबर तालुक्याला कॅफेत गेली, नोंदणीला ओटीपी लागला, पप्पांचा फोन लातूर रोडला कुठेतरी गाडीत, रेंज नाही. मागे रांग. कॅफेवाला म्हणाला थांब, माझा नंबर टाकतो, पासवर्ड पण त्यानेच ठेवला. पसंतीक्रम त्याने यादीतून भराभर टिचकवला, तिने तालुक्याचं कॉलेज सांगितलं होतं, ते खाली गेलं आणि त्याच नावाच्या संस्थेचं दुसऱ्या तालुक्यातलं कॉलेज एक नंबरला बसलं. प्रिंटवर तिने नाव वाचलं, गाव नाही वाचलं. जूनच्या शेवटी पहिली यादी लागली, ते दूरचं कॉलेज लागलं, मेसेज गेला कॅफेवाल्याच्या फोनवर, जिथे अशा शेकड्याने मुलांचे मेसेज येत होते. तिला कळलं मैत्रिणीच्या फोनवरून, तेव्हा प्रवेश घ्यायची मुदत संपत आलेली. त्या गावाला जायला सकाळची एसटी नाही. ती गेली नाही, कुणाला बोललीही नाही, आणि मग रोज रात्री पप्पांच्या फोनवर अंदाजाने पासवर्ड टाकत बसायची, उघडलं तर काहीतरी दुरुस्त करता येईल म्हणून. हिस्टरी डिलीट का करायची, तर पप्पांनी सकाळी बघितलं तर विचारतील अकरावीची साईट कशाला उघडली, फॉर्म तर भरलाय ना.

घरी सांगितलं का नाहीस? "पप्पांनी भाडं सोडून पैसे दिले होते फॉर्मला. ते म्हणाले असते एवढं पण जमलं नाही का. आणि आता मला पण वाटतंय मी मठ्ठच आहे."

हे वाक्य मला फार लागतं आणि ते मी फार मुलींच्या तोंडून ऐकते. ८४ टक्के मिळवलेली मुलगी स्वतःला मठ्ठ म्हणते, कारण तिला जे यंत्र कधी हातात मिळालंच नाही त्याच्यावरचं काम तिला एका फटक्यात, दुसऱ्याच्या नंबरवर, गर्दीत उभं राहून करायला लावलं. शहरातल्या मुलाकडे स्वतःचा फोन, घरात लॅपटॉप, आई किंवा बाबा शेजारी बसलेले, चुकलं तर रात्री नऊला परत उघडून बदलणार. दोघांना वेबसाईट तीच आणि तारीख पण तीच.

लोक म्हणतात आता सगळ्यांकडे मोबाईल आहेत हो. घरात आहेत, खरंय. 'असर' या शिक्षणावरच्या देशपातळीवरच्या अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. म्हणजे फोन घरात येतो, पण मुलीच्या हातापर्यंत यायला त्याला अजून बराच वेळ लागतो. मोठ्यांचंही तसंच, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बाया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. आणि आपण हा फरक शिस्त समजतो! केरळ हायकोर्टाने २०१९ मध्ये मुलींच्या हॉस्टेलमधल्या मोबाईलबंदीच्या केसमध्ये इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला, मी पालकांच्या मीटिंगमध्ये हे मुद्दाम सांगते, कारण मुलीला फोन देणं म्हणजे लाड असं अजून बऱ्याच घरात वाटतं.

आरतीला मी विचारलं, आईला मी सांगू का तू सांगशील? ती म्हणाली तुम्ही बसा, मी सांगते. आईने सगळं ऐकलं आणि पहिलं वाक्य काय बोलली तर, "एवढंच व्हतं व्हय?" आणि मग पोरीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसली. वडील पुढच्या वेळी आले, चिडूनच आले, की माझ्या फोनवर काहीच मेसेज आला नाही. मी तो २४ तासांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. भांडखोर माणूस नव्हता तो, त्याने कधी त्या नजरेने बघितलंच नव्हतं. स्थळाचा विषय त्यांनी स्वतःच बंद केला, मी काढला नाही.

पुढचं काम साधं होतं पण ते घरच्यांनी एकत्र केलं. वडील स्वतः कॅफेत गेले, कॅफेवाला चांगला माणूस, त्याने ओटीपी देऊन पासवर्ड बदलून दिला, मग शाळेतल्या मार्गदर्शन केंद्रात सरांसोबत बसून कुठली फेरी उरली ते बघितलं. घरात ठरलं की संध्याकाळी घरी आल्यावर जेवायच्या आधीचा तास-दीड तास पप्पांचा फोन आरतीकडे, डेटा तिच्यासाठी राखून, भावाने आपला रिचार्ज आपण बघायचा. भाऊ कुरकुरला. वडिलांनी ऐकलं नाही. फोन बाहेरच्या खोलीत वापरायचा पण खांद्यावरून कुणी वाकून बघायचं नाही, हे मी आग्रहाने लिहून घेतलं, कारण उजेडात, घरात, मान देऊन फोन मिळाला की लपवायचं कारणच बरंचसं जातं.

आता प्रत्येक वेळी असंच निघतं असं मी म्हणत नाही. कधी खरंच कुणीतरी मुलीला फोटोवरून धमकावत असतं, कधी गेममध्ये पैसे गेलेले असतात. तेव्हाही ओरडून फोन काढून घेतला तर मुलगी एकटी पडते आणि त्रास देणारा मोकळा राहतो. मुलांसाठी १०९८ आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा, पण तिथवर जायला मुलीने आधी तुम्हाला सांगायला पाहिजे, आणि ती सांगते कधी, तर आधीच्या छोट्या गोष्टीत तिला शिव्या बसलेल्या नसतील तेव्हा.

सप्टेंबरनंतर आरतीची आई परत आली, पण स्वतःचं काम घेऊन. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, निघाली होती. आधी तिच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या आधारचा ओटीपी, आणि दोन्ही आधारना नंबर नवऱ्याचाच. नवरा भाड्यावर. ती मला म्हणाली, "मॅडम, पैशे माझ्या नावावर येत्यात पण त्येची चावी ह्यांच्या खिशात हाय. माझ्या पोरीचं बी आसंच झालं व्हतं की." मी तिला काहीच समजावलं नव्हतं, तिचं तिलाच दिसलं. संध्याकाळी त्या तास-दीड तासाच्या वेळेत आरतीने दोघांना शेजारी बसवून ती केवायसी करून दिली, कॅफेत न जाता. वडील ज्यांना त्यांना सांगत होते म्हणे, आमच्या पोरीने केली.

आरतीला सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या फेरीत तालुक्याच्या कॉलेजात सायन्स मिळालं, पण विनाअनुदानित तुकडीत, कारण अनुदानित जागा तोवर भरल्या होत्या. फी जास्त आहे, हप्त्याने भरतायत. जे पहिल्याच फेरीत मार्कांवर मिळालं असतं त्याचे आता दरवर्षी जादा पैसे, हे मला अजूनही टोचतं आणि यात मुलीची चूक काडीची नाही.

यंदा तुमच्या घरात दहावीचं मूल असेल तर निकालाची वाट बघू नका. आधारला कुठला नंबर जोडलाय ते आत्ताच बघा, बंद पडलेलं सिम असेल तर बदलून घ्या, जून उजाडला की केंद्रावर रांगा लागतात. फॉर्मवर नंबर घरातलाच टाका, कॅफेवाल्याचा नको, आणि ज्याचा नंबर टाकाल त्याने त्या दिवशी फोन घेऊन सोबत जायचं, एक दिवसाचं भाडं बुडालं तरी चालेल. लॉगिन आणि पासवर्ड मुलाच्या स्वतःच्या हाताने वहीत लिहून घ्या. पसंतीची यादी घरी कागदावर लावून न्या, कॉलेजच्या नावापुढे गाव आणि कोड लिहून, आणि प्रिंट निघाली की मुलाला मोठ्याने वाचायला लावा. आणि रात्री गोधडीत उजेड दिसलाच तर फोन ओढून घेऊ नका, शेजारी बसा आणि विचारा, काय अडलंय गं.