प्रेमकथा, रहस्य आणि पाठलाग एकाच कादंबरीत कसे जुळवायचे?

तुम्ही विचारलंय की सतरा-अठरा वर्षांच्या दोघांची गमतीदार प्रेमकथा लिहायला घेतली आहे, तिच्यात चोरीचं रहस्य आहे, धावपळ आहे. पण प्रेम रंगलं की रहस्य थंडावतं आणि रहस्य पेटलं की प्रेम कोपऱ्यात जाऊन बसतं. नवोदितांची हस्तलिखितं मी बरीच वाचतो आणि हे दुखणं फार नेहमीचं आहे. मी सगळ्यात आधी एकच गोष्ट पाहतो: कथा कोण सांगतंय?

रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश धर्मगुरू-लेखकाने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. काही आज वाचताना हसू येतं (चोरवाट चालेल, पण एकच!), मात्र पहिला नियम तुमच्या अगदी कामाचा आहे. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाने वाचलेत असा तो नसावा. आता किशोरवयीन प्रेमकथांची लाडकी पद्धत कोणती? एक प्रकरण तिच्या तोंडून, एक त्याच्या. म्हणजे दोघांची मनं वाचकापुढे उघडी. अशा कथेत 'तोच चोर असेल का?' हा प्रश्न वाचकाला पडणारच नाही. ओढूनताणून पाडलात, तर त्याच्या मनातली नेमकी हीच गोष्ट लपवावी लागेल, आणि शेवटी वाचक म्हणेल, फसवलंत.

तेव्हा आधी हे ठरवा. नायक खरोखर संशयित वाटायला हवा असेल, तर कथा एकट्या तिची ठेवा. त्याचं उशिरा येणं, खिशातली किल्ली, बोलता-बोलता मध्येच ठेवलेला फोन, सगळं फक्त तिच्या नजरेतून येऊ द्या. याने भीती वाढते, पण हसू थोडं कमी होतं. हलकंफुलकं हवं असेल, तर दोघांनाही बोलू द्या आणि संशय त्यांचा एकमेकांवर राहू दे. तो निर्दोष आहे हे वाचकाला ठाऊक, तिला नाही. ती चोर पकडायच्या थाटात त्याच्या मागावर, आणि तो मनात म्हणतोय, ही आज तिसऱ्यांदा 'योगायोगाने' भेटली, नक्की आवडतो मी हिला. तुमच्या वर्णनावरून मी दुसरी वाट घेईन. विनोद मुद्दाम पेरावा लागत नाही, परिस्थितीच तो पुरवते.

खरा चोर मात्र तिसरा कुणीतरी हवा, आणि तो पहिल्या काही प्रकरणांतच सहज, एखाद्या विनोदी प्रसंगाच्या आडून भेटून गेलेला हवा. हसणारा वाचक बेसावध असतो, त्यामुळे महत्त्वाचा सुगावा लपवायला थट्टामस्करीइतकी चांगली जागा नाही.

दुसरी कसोटी सुगाव्यांची. प्रत्येक सुगाव्याने तपास पुढे सरकलाच पाहिजे, शिवाय त्या दोघांमधलं काहीतरी बदललं पाहिजे. गायब वस्तूच्या जागी चिठ्ठी सापडली, ठीक आहे. पण अक्षर त्याच्या जिवलग मित्राचं निघालं, तर आता त्याला तिच्यापासून काहीतरी लपवायचं आहे. एका दगडात दोन पक्षी. जो सुगावा नातं हलवत नाही तो काढून टाका, किंवा दुसऱ्या प्रसंगात मुरवून टाका.

मारामारीबद्दल थोडक्यात. ही मुलं प्रशिक्षित नाहीत, म्हणून त्यांना लढवण्यापेक्षा पळवा, लपवा, अडकवा. अरुंद कपाटात श्वास रोखून दोघं उभी आणि कुजबुजत भांडण चालू, यात तुमचे तिन्ही रस एकदम येतात. चकमकीआधी कुणाला काय हवंय ते स्पष्ट करा (पिशवी, फोन, दरवाजा), मग वाक्यं आखूड ठेवा. कोपर खरचटलं तर पुढच्या प्रकरणातही दुखू दे. आणि खून नको. प्रेत पडलं की पुढच्या पानावरची थट्टा निर्दय वाटते. चोरी, धमकीची पत्रं, खोटा आळ एवढा धोका या सुराला पुरतो.

एक कंटाळवाणी पण अटळ बाब: मोठ्यांना का सांगत नाहीत? 'कुणी विश्वास ठेवणार नाही' हे फार वापरून झालंय. सांगितलं तर आपल्याच माणसावर आळ येईल, हे कारण जास्त टिकतं. आणि दर वेळी फोनची बॅटरी संपवू नका, हात जोडून विनंती.

शेवटाकडे जाताना चोर पकडण्याची युक्ती अशी रचा, की एकाने दुसऱ्याच्या शब्दावर पुरावा नसताना विसंबल्याशिवाय ती पार पडणारच नाही. मग प्रेमाची कबुली वेगळी लिहायची गरज उरत नाही. तुमच्या कच्च्या खर्ड्यात असा प्रसंग आहे का बघा. नसेल तर आधी तोच लिहा आणि मागची प्रकरणं त्याच्या हिशेबाने लावा.