व्हॉल्टिंगच्या सरावासाठी घरच्या घरी बॅरल कसं बनवायचं?

तुमची मुलगी व्हॉल्टिंग, म्हणजे चालत्या घोड्यावरची जिम्नॅस्टिक्स, शिकते, घोडा आठवड्यातून एकदाच मिळतो आणि 200 लिटरची दोन लोखंडी पिंपं हाताशी आहेत. त्यांचं बॅरल, म्हणजे घोड्याऐवजी सरावाला वापरायचं आडवं पिंप, होईल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की होईल. आमच्या गटातल्या मुलांसाठी ओळखीच्या वेल्डरला सोबत घेऊन मी अशी बॅरल्स बनवली आहेत. पिंप हा यातला सर्वांत सोपा भाग. खरा विचार करावा लागतो तो पायांचा आणि मुठींचा. बसलेल्या मुलीचं वजन कुठलंही पिंप सहज पेलतं, पण ती मुठींना धरून झेप घेते किंवा फ्लँक करून (पाय झोक्याने वर नेऊन) बाजूला उतरते तेव्हा बॅरलला जी आडवी ओढ बसते, ती नीट बांधलेला सांगाडाच सोसू शकतो.

सगळ्यात आधी पिंपात काय होतं याची चौकशी करा. थिनर, रंग, इंधन किंवा कुठलंही रसायन असेल तर ते पिंप घेऊच नका. रिकाम्या पिंपात वाफ राहते आणि वेल्डिंगची किंवा ग्राइंडरची ठिणगी लागली की स्फोट होतो. नुसतं धुऊन ही वाफ जातेच असं नाही. खाद्यपदार्थांचं पिंप मिळालं तर उत्तम, पण तरीही दोन्ही बुचं काढून ठेवा. माझा आग्रह असा की पिंपाला वेल्डिंगच करायचं नाही. तसाही तो पत्रा साधारण मिलिमीटरभर जाडीचा असतो. त्याला थेट जोडलेली मूठ आज ना उद्या पत्रा फाडून बाहेर येईल.

मग जोडायचं कसं? आधी पिंपांशिवाय सांगाडा तयार करा. दोन लांब अँगल समांतर ठेवून त्यांवर जाड लोखंडी पट्टीच्या अर्धगोल कमानी वेल्ड करायच्या, एकेका पिंपाखाली दोन. पिंपं आडवी, तोंडाला तोंड लावून या कमानींत बसवायची आणि वरून दुसरी अर्धी पट्टी टाकून दोन्ही बाजूंना नट-बोल्टने आवळायची. एक पिंप साधारण 88 सेंटिमीटर लांब असतं, म्हणजे दोन मिळून पावणेदोन मीटर होतात. उभं राहायला, फ्लॅगमध्ये (एका गुडघ्यावर टेकून) दुसरा पाय मागे ताणायला एवढी लांबी पुरते. खालचे अँगल अखंडच घ्या. मध्ये जोड दिलात तर नेमका तिथेच ताण येतो.

मुठी पुढच्या टोकापासून 45-50 सेंटिमीटरवर हव्यात. एखादं जुनं सर्सिंगल (घोड्याच्या अंगाभोवती आवळायचा मुठींचा पट्टा) मिळत असेल तर सरळ तेच पिंपाला आवळा. हाताला खऱ्या मुठींचीच सवय लागते, आणि मला हाच मार्ग सर्वांत पटतो. पिंपाचा व्यास साधारण 58 सेंटिमीटर, म्हणजे घेर 182 भरतो. त्यात फोमची जाडी धरून पट्टा पुरतो का, ते आधी मोजा. घोड्याच्या अंगावर पट्टा बसतो तसा गोल पिंपावर बसत नाही, तो फिरतो. म्हणून त्याची खालची बाजू अँगलला पक्की बांधावी लागते. सर्सिंगल नसेल तर मुठींसाठी वेगळी जाड पट्टी पूर्ण घेराची करून घ्या, तिच्यावर वाकवलेल्या पाइपच्या मुठी वेल्ड करा आणि मगच ती पिंपावर चढवून बोल्टने आवळा. मुठींची उंची, त्यांच्यातलं अंतर आणि कल तुमच्या क्लबच्या सर्सिंगलवरून कागदावर उतरवून घ्या. अंदाजाने केलेल्या मुठी मनगटाला चुकीची सवय लावतात, आणि ती घोड्यावर गेल्यावर मोडायला फार वेळ लागतो.

पाय सरळ उभे नकोत, बाहेर फाकलेले हवेत. जमिनीवरच्या दोन पायांमधली रुंदी बॅरलच्या उंचीएवढी तरी ठेवा. फाकलेल्या पायांची अडचण अशी की उतरणारा नेमका त्यांच्याच दिशेने उतरतो. म्हणून खालचा आडवा पाइप जमिनीला टेकलेला ठेवून त्यावर जाड गादी पसरा. स्थिरतेसाठी वजन घालायचं तर वाळूच्या गोण्या या खालच्या पाइपांवर बांधा. पिंपात वाळू भरू नका, वर वजन वाढलं की कलंडायची भीतीही वाढते. उंचीचं म्हणाल तर नवशिक्या मुलीला पाठीची उंची मीटरभर पुरे. घोडा अर्थातच बराच उंच असतो, पण बॅरलचं काम आकार आणि तोल शिकवणं हे आहे. झेपेचा सराव पुढे वाढवता येतो.

फोम सोफ्याचा नको. त्यात गुडघा रुततो, घोटा वळतो. खाली घट्ट ईव्हीए शीट, वर थोडा मऊ थर, एकूण चार-पाच सेंटिमीटर. पिंपाच्या कडा आणि अंगावरचे गोल उंचवटे आधी फोमच्या पट्ट्यांनी सपाट करून घ्या. शिवलेलं कव्हर जाड कॅनव्हासचं चांगलं. रेक्झिन घामाने निसरडं होतं. वरच्या अर्ध्या भागात एकही बोल्ट, खिळा किंवा स्टेपल उघडं राहू नये, बोल्टची टोकं खालच्या बाजूलाच काढा.

काही जण आवाज मरावा म्हणून पिंपात चिंध्या भरतात. मी ते रिकामंच ठेवतो. मूल धप्पकन बसलं की पिंप घुमतं आणि त्याला स्वतःलाच कळतं की हे घोड्याच्या पाठीवर पडलं असतं. हळू बसणं ही व्हॉल्टिंगमधली घोड्याविषयीची पहिली जबाबदारी आहे. ती शिकवायला या आवाजाइतकं चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही.

फोम चढवण्याआधी दोन मोठ्या माणसांनी एकाच बाजूच्या मुठीला लटकून पाहा. पाय उचलला, पट्टी सरकली, कुठे करकर वाजलं तर आधी ते दुरुस्त करा. पुढेही सराव सुरू करण्याआधी दरवेळी मुठी हाताने हलवून बघा, कारण बोल्ट हळूहळू सैल होतात. आणि मुलीच्या प्रशिक्षकांना एकदा बॅरल दाखवून कुठले व्यायाम घरी करायचे ते ठरवून घ्या. बैठक, फ्लॅग, मिल (बसल्या बसल्या एकेक पाय फिरवत पूर्ण गोल वळणं) यांचा सराव कुणी मोठं माणूस शेजारी असताना घरी करता येईल. उभं राहणं आणि फ्लँक मात्र प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली नीट जमल्यावरच घरी सुरू करा.