पहिल्या सोनोग्राफीत 'गाठ', चार दिवसांनी 'पू': पहिला रिपोर्ट चुकला होता का?

वडिलांना थंडी वाजून ताप येतोय, उजव्या बरगडीखाली दुखतंय. आधी लिव्हरमध्ये 'गाठ असावी' म्हणाले, चार दिवसांनी दुसरीकडे 'पू झालाय' म्हणाले. मग पहिल्यांदा चुकलं का, असं तुम्ही विचारलंय.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोज सोनोग्राफी करते. मला पहिला रिपोर्ट चुकलेला वाटत नाही. जंतूंमुळे झालेलं गळू पहिल्या दिवसापासून पुवानं भरलेलं नसतं. सुरुवातीला तो नुसता सुजलेला, पुसट कडांचा भाग असतो आणि पडद्यावर घट्ट गाठीसारखाच दिसतो. आतला भाग विरघळून पातळ व्हायला काही दिवस लागतात. मग तिथे काळसर पोकळी दिसते, आत बारीक ठिपके तरंगतात आणि तिच्या मागची बाजू उजळते, कारण पातळ पदार्थातून ध्वनिलहरी फारशा न अडता पार होतात. अशा वेळी मी प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण, हलकेच दाबते. ठिपके गोल गोल फिरले की आत पातळ पू आहे हे जवळजवळ कळतंच. डॉप्लर, म्हणजे रक्ताची हालचाल दाखवणारी सोनोग्राफी, लावला तर रक्तप्रवाह कडेला सापडतो, मध्यभागी नाही.

क्लेब्सिएला नावाच्या जंतूचं गळू मात्र बरेच दिवस घट्टच दिसत राहतं. मधुमेहींमध्ये ते जास्त आढळतं, म्हणून वडिलांची साखर तपासली नसेल तर आजच तपासा.

सोनोग्राफीत अशी बहुतेक गळवं सापडतात, पण सगळी नाही. लिव्हरचा अगदी वरचा, छातीच्या पडद्याला टेकलेला भाग फुप्फुसाआड लपतो. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या काळात तिथलं एक गळू माझ्या नजरेतून सुटलं होतं. ते आठवून आजही मी पेशंटला डाव्या कुशीवर वळवते, दीर्घ श्वास घेऊन रोखायला सांगते आणि बरगड्यांच्या फटींतून वर बघते. एवढं करूनही काही दिसलं नाही आणि ताप हटत नसेल, तर सीटी स्कॅन करावा.

गळू जंतूंचं की अमिबाचं, हे नुसत्या चित्रावरून खात्रीनं सांगता येत नाही. त्यासाठी रक्ताच्या तपासण्या लागतात. सोनोग्राफीत बघत सुईनं पू काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवला तर अँटिबायोटिक नेमकं निवडता येतं. पित्ताशयात किंवा पित्तनलिकेत खडे आहेत का, हेही रिपोर्टमध्ये बघा. पुष्कळदा मूळ तिथेच असतं.

उपचारांनंतर पोकळी भरायला आठवडे, कधी महिनेही लागतात. ताप उतरला, भूक लागली आणि पांढऱ्या पेशी कमी होत गेल्या, तर पुढच्या सोनोग्राफीत ती अजून दिसली म्हणून घाबरू नका. तेव्हा जाताना आधीच्या दोन्ही फिल्म बरोबर न्या, म्हणजे मापं ताडून बघता येतील.