सिगारेटऐवजी व्हेप (ई-सिगारेट) आले तर समाजाच्या आरोग्यावर काय परिणाम होईल, हे आधीच कसं मोजतात?

लोकसंख्येचे गट पाडतात: कधीच न ओढलेले, ओढणारे, सोडलेले, फक्त व्हेपवाले, दोन्ही करणारे. दरवर्षी कोण कुठल्या गटातून कुठे जातं याचे दर धरतात, गटागटाला वयानुसार मृत्यूचा धोका लावतात आणि काही दशकं पुढे नेऊन ‘व्हेप नसते तर’च्या आकड्यांशी ताडतात. निकाल फिरतो तो इथे: किती जणांनी सिगारेट खरंच सोडली, आणि पुण्यात एफसी रोडवरच्या, कधीच न ओढलेल्या किती पोरांनी नव्याने सुरुवात केली?

अशा हिशेबाचं परदेशी मॉडेल पुण्याला जसंच्या तसं कृपया लावू नका. २०१६-१७ च्या गॅट्स या प्रौढांच्या तंबाखूवापराच्या पाहणीत महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, धूरविरहित तंबाखू घेणारे मात्र २४.४ टक्के. शिवाय २०१९ पासून ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी. त्यामुळे गुटखा-मिश्रीचा गट आधी जोडा.