निदानाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय भरायचं? दर वेळी संभाव्य आजारांची भलीमोठी यादी येते.

आधी स्वतःची ३-४ निदानं कागदावर लिहा, मगच इझाबेल किंवा डीएक्सप्लेनसारखं सॉफ्टवेअर उघडा. नाहीतर पडद्यावरचं पहिलं नाव डोक्यात घट्ट बसतं. वय, लिंग, प्रदेश अचूक भरा. नुसतं ‘ताप, अंगदुखी, थकवा’ टाकलं तर यादी लांबणारच. इझाबेलमध्ये ‘प्लेटलेट ६०,०००’ असा आकडा नको, ‘थ्रॉम्बोसायटोपेनिया’ (प्लेटलेट कमी असणं) लिहा. पावसाळ्यात कोकणातल्या तापाच्या पेशंटला कावीळ आणि पोटऱ्यांचं दुखणं असेल, तर लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) डेंग्यूच्या पुढे धरायला हवा. काखेत, जांघेत काळी खपली सापडली तर स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप). पण ती कपडे बाजूला करून तुम्हालाच शोधावी लागते. यादीतला क्रम म्हणजे शक्यतेची टक्केवारी नव्हे. हुकले तर जिवावर बेततील असे आजार आधी तपासून बाद करा.