मंगळवारच्या वक्त्याला ऐकायला जा

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ‘तासभर खुर्चीत बसण्यापेक्षा यूट्यूबवर दीडपट वेगानं ऐकलं तर काय बिघडलं?’ काही बिघडत नाही. मीही ऐकतो, भाजी निवडताना. पण व्याख्यानमालेतून खरंच शिक्षण होतं का, असंही तू विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका व्याख्यानानं फारसं काही होत नाही, हे आधीच कबूल करतो. वक्ता हसवतो, टाळ्या घेतो आणि आपण परत सात रस्त्याच्या चौकात पोचेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. फरक पडतो तो रोज गेल्यानं, आणि त्याहून जास्त घरी आल्यावर आपण काय करतो त्यानं.

माझे वडील इथंच, सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर होते. धोट्याच्या खटखटीनं कान अधू झालेले, म्हणून हिराचंद नेमचंद वाचनालयात व्याख्यान असलं की पहिल्या रांगेत बसायचे. घरात तेलुगू, मराठी बाजारापुरतं. वक्ता न्यायमूर्ती रानड्यांच्या अर्थविचारावर बोलतोय आणि हे मान डोलावतायत! मला लाज वाटायची. पण रात्री जेवताना ते सगळं आईला तेलुगूत सांगायचे. सांगता सांगता मध्येच अडायचे, भाकरीचा तुकडा हातातच राहायचा. मग म्हणायचे, ‘इथं मला कळलं नाही.’ तेवढं मनात ठेवून दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी जायचे आणि भेटेल त्या शिकलेल्या माणसाला गाठायचे. परक्या भाषेत ऐकलेलं आपल्या भाषेत सांगताना भोकं लगेच दिसतात. मला पुढं बी.ए.च्या वर्गातही इतकं नेमकं अडता आलं नाही.

रानड्यांच्याच पुढाकारानं १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. कॉलेज तेव्हा मूठभरांचं होतं, आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी भाषण ऐकायला मात्र कुणालाही जाता येत होतं.

विजेवरच्या शोधांनी पुढं नावाजलेल्या मायकेल फॅरेडेचंही असंच. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा पोरगा. दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं तिकिटं दिली म्हणून १८१२ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत रसायनशास्त्रज्ञ हंफ्रे डेव्हीची चार व्याख्यानं त्याला ऐकायला मिळाली. त्यानं टिपणं काढली, घरी नीट लिहून काढली, स्वतःच्या हातानं बांधली आणि थेट डेव्हीलाच पाठवून दिली. पुढच्या वर्षी तो तिथंच मदतनीस म्हणून लागला. चार तिकिटं तर बऱ्याच जणांकडे असतील. वही ह्याची होती.

तर तू वही घे. सभागृहात मात्र कमी लिही. तिथं लिहीत बसलास तर ऐकणार कधी? (मोबाईलवर रेकॉर्ड करू नकोस. ते कुणीही परत ऐकत नाही, मीही नाही.) रात्री झोपण्याआधी पानभर, आपल्या शब्दांत, आणि जिथं अडलास तिथं चौकोन काढून रिकामा सोड.

रविवारी नटाची मुलाखत असली की मंडपाबाहेर चपलांचा ढीग लागतो. मंगळवारी भूजलावर कुणी बोलणार असलं तर पंचवीस डोकी, त्यातली पाच आयोजकांची. तू मंगळवारी जा. उजनी धरण भरूनही आपल्या नळाला रोज पाणी का येत नाही, हे त्या माणसाला समोरासमोर विचारता येईल. मात्र एका वाक्यात विचार. ‘प्रश्न नाही, पण दोन शब्द बोलतो’ म्हणत उठणारे आपल्या गावात पुष्कळ आहेत, त्यांच्यात भर नको.

पण रोज जायचं तर सुरुवात सोमवारीच करू. पावणेसहाला वाचनालयाच्या दारात भेट, वही घेऊन. मी पहिल्या रांगेत जागा धरतो. हल्ली मागचं मलाही ऐकू येत नाही.

तुझा,
काका