गणित सोडून रसायनशास्त्रातला ‘रंगांचा खेळ’ शिकता येईल का?

प्रश्न : माझी मुलगी नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी सायन्सला आहे. विज्ञान प्रदर्शनात तिने चंचुपात्रातले एक द्रावण आपोआप रंगहीन, मग पिवळसर, मग गर्द निळे आणि पुन्हा रंगहीन होताना पाहिले. तेव्हापासून ‘मला हेच शिकायचे आहे’ असा तिने धोशा लावला आहे. गणिताचा मात्र तिला कंटाळा आहे आणि केमिस्ट्रीच करायची तर ते कशाला ठेवायचे, असे ती विचारते. मी अंबड एमआयडीसीत नोकरी करतो. या विषयात पुढे पोटापाण्याची सोय काय, हेही कळवावे.
— एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

गणित तिला सोडू देऊ नका, हे आधीच सांगतो, कारण उरलेले सारे उत्तर याच मुद्द्यावर उभे आहे.

आपण कळवलेल्या रंगांच्या क्रमावरून तिने पाहिलेला प्रयोग ब्रिग्ज-रॉशर अभिक्रियेचा असावा. सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन हायस्कूल शिक्षकांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड, आयोडेट, मॅलोनिक आम्ल, मँगनीजचा क्षार आणि स्टार्च असते, आणि निळा रंग येतो तो आयोडीन व स्टार्च एकत्र आल्यामुळे, म्हणजे शाळेत पानातले स्टार्च ओळखताना दिसतो तोच. काही मिनिटांनी हा खेळ थांबतो आणि पात्रात आयोडीनचा वास येणारे निळे-काळे द्रावण उरते. मुलीने हे थांबणे पाहिले का, हे तिला जरूर विचारा. बहुतेक मुले त्याआधीच पुढच्या टेबलाकडे वळलेली असतात, आणि खरा विषय तर तिथेच सुरू होतो.

अभिक्रियेतला रंग असा आलटून-पालटून बदलत राहू शकतो, म्हणजे तिच्यात आंदोलने होऊ शकतात, यावर जाणत्या रसायनशास्त्रज्ञांचाही बराच काळ विश्वास बसला नव्हता. सोव्हिएत संशोधक बोरिस बेलूसोव यांना १९५० च्या सुमारास सायट्रिक आम्ल, ब्रोमेट आणि सिरियमच्या द्रावणाचा रंग पिवळा व रंगहीन असा आळीपाळीने बदलताना दिसला. त्यांचा शोधनिबंध ‘हे अशक्य आहे’ अशा शेऱ्यासह परत आला, आणि अखेर १९५९ मध्ये तो किरणोत्सर्ग-वैद्यकाच्या एका संग्रहात, कोणाच्या सहज नजरेस पडणार नाही अशा ठिकाणी छापला गेला. पुढे आनातोली झाबोतिन्स्की या तरुण संशोधकाने १९६१ पासून त्यावर काम करून हा विषय मार्गी लावला. या कामाला १९८० मध्ये लेनिन पुरस्कार मिळाला, तेव्हा बेलूसोव हयात नव्हते. आक्षेप घेणाऱ्यांची गफलत अशी की त्यांनी या अभिक्रियेला घड्याळाचा लंबक मानले. लंबक प्रत्येक झोक्यात समतोलाच्या बिंदूतून जातो, तर या द्रावणाची मुक्त ऊर्जा (अभिक्रिया पुढे रेटणारी ऊर्जा) सतत कमीच होत असते आणि आंदोलन होते ते फक्त मधल्या, थोड्या काळापुरत्या तयार होणाऱ्या पदार्थांचे. कच्चा माल संपत आला की खेळ संपतो.

आता गणित कोठे येते ते पाहू. बेलूसोव-झाबोतिन्स्की अभिक्रियेत ब्रोमाइड आहे तोवर ते अभिक्रियांच्या एका साखळीला दाबून धरते. त्याचे प्रमाण ठरावीक पातळीच्या खाली गेले की ब्रोमस आम्ल स्वतःच स्वतःची निर्मिती वाढवू लागते आणि फेरॉइन हा रंग बदलून बदल दाखवणारा दर्शक लालचा निळा होतो. मग हाच निळा पदार्थ पुन्हा ब्रोमाइड तयार करवतो आणि साखळीला लगाम बसतो. फील्ड, क्योरोश आणि नॉयेस यांनी ही यंत्रणा १९७२ मध्ये उलगडली. ‘हा याला वाढवतो, तो त्याला दाबतो’ हे शब्दांत सांगून विद्यार्थ्याला पटते, पण आंदोलन केव्हा होईल आणि केव्हा द्रावण नुसतेच शांत बसेल, हे कलन (कॅल्क्युलस) आणि अवकल (डिफरन्शियल) समीकरणांशिवाय सांगता येत नाही. हीच अभिक्रिया न ढवळता पसरट काचपात्रात ठेवली तर लाल पार्श्वभूमीवर निळी वलये पसरत जातात, आणि दोन वलये भिडली की एकमेकांतून पार न होता तिथेच विझतात. हृदयाच्या स्नायूतील विद्युत्-लहरींचेही तसेच असते, म्हणून हृदयाचा ठोका बिघडण्याच्या अभ्यासातही याच प्रकारची समीकरणे कामी येतात.

प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके-पट्टे रसायनांच्या अभिक्रिया आणि विसरण (पदार्थ आपोआप पसरणे) यांतून उमटू शकतील, हे १९५२ मध्ये मांडले ते ॲलन ट्यूरिंग या गणितज्ञाने. प्रयोगशाळेत तशी स्थिर नक्षी मिळाली ती १९९० मध्ये, फ्रान्समधील बोर्दो येथे.

म्हणून मुलीची आवड तपासण्याचा एक बिनखर्चाचा मार्ग सुचवतो. संगणकावर पायथॉन या संगणकभाषेत अभिक्रिया आणि विसरणाचे ‘ग्रे-स्कॉट’ हे गणिती प्रारूप तिने स्वतः लिहावे. दोन पदार्थ, दोन समीकरणे, विसरणाचे गुणांक १ आणि ०.५. पुरवठ्याचा दर ०.०३६७ आणि नाशाचा दर ०.०६४९ घेतला तर ठिपके पेशींसारखे फुटून दोनाचे चार होतात. तेच आकडे ०.०५४५ आणि ०.०६२ केले तर पोवळ्यासारखी नागमोडी नक्षी वाढते. दुसऱ्या-तिसऱ्या दशांश स्थळावरच्या एवढ्याशा बदलाने हा फरक का पडतो, हा प्रश्न तिला बेचैन करत असेल, तर गणिताचा कंटाळा बव्हंशी शिकवण्याच्या पद्धतीचा आहे असे समजा. नुसती चित्रे पाहून ती उठली, तरी काही बिघडत नाही. मग हा तिचा छंद आहे, व्यवसाय नाही. प्रदर्शनातला प्रयोग मात्र घरी नको. त्यात तीव्र पेरॉक्साइड लागते आणि उरलेले आयोडीन हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) निष्प्रभ करावे लागते. ते महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोरच करावे.

या नावाची स्वतंत्र पदवी शोधत बसू नका. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तिथे चारही विज्ञानविषय काही काळ बरोबरीने शिकावे लागतात. त्याच्या प्रवेशपरीक्षेतही भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित या चारही विषयांचे प्रश्न असतात, त्यामुळे तिने जीवशास्त्रही ठेवावे, फक्त गणिताच्या बदल्यात नको. तिथे प्रवेश मिळाला नाही तर नाशिकच्याच केटीएचएम किंवा एचपीटी-आरवायके महाविद्यालयातून बीएस्सी करून ‘जॅम’ परीक्षेद्वारे आयआयटीत एमएस्सीला जाता येते. या वाटेला कमी लेखण्याचे मला कारण दिसत नाही.

पोटापाण्याबद्दल स्पष्ट लिहितो. निव्वळ संशोधन करायचे तर पीएचडी धरून बारावीनंतर दहा-अकरा वर्षे जातात. नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. त्यात तिचा खर्च भागेल, पण घराला हातभार लागेल असे धरून चालू नका. लवकर कमावणे गरजेचे असेल तर एमएचटी-सीईटी देऊन मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) किंवा अन्यत्र केमिकल इंजिनिअरिंग करावे. कारखान्यातील रिॲक्टरचे तापमान आणि त्यातील रसायनांचे प्रमाण आपोआप वरखाली होऊ लागणे हा तिथला नेहमीचा अभ्यासविषय आहे. आपल्या जिल्ह्यातील वाइनरीत ज्या यीस्टवर सारा धंदा चालतो, त्या यीस्टमधील साखरेच्या विघटनातही विशिष्ट परिस्थितीत अशीच आंदोलने आढळतात. या मार्गालाही बारावीचे गणित लागतेच.

गणित सोडण्याचा अर्ज तिने आधीच दिला असेल तर तो मागे घेण्याची मुदत केव्हापर्यंत आहे, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात याच आठवड्यात विचारून घ्या.